सगळ्यात वाईट खुर्ची

भोपाळच्या कोलार रोडवर साउंडबार घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितने वॉट का लूँ?" माझा उलट प्रश्नही आता ठरून गेलाय. घरात सगळ्यांत कमी कोणाला ऐकू येतं, आणि ते माणूस हॉलमध्ये बसतं कुठे? लोक जरा गोंधळतात. आईच्या कानांचा आणि नव्या साउंडबारचा काय संबंध, असा भाव चेहऱ्यावर येतो. मग बहुधा घरची बाईच उत्तर देते, "मम्मीजी को. वो वहाँ बैठती हैं, किचन के पास." ती बोट दाखवते ती खुर्ची हटकून टीव्हीपासून लांब, एका बाजूला, पंख्याखाली किंवा कूलरच्या शेजारी असते. माझं काम त्या खुर्चीपासून सुरू होतं.

घरोघरी टीव्हीला आवाज जोडून देणं हा माझा धंदा. बार, स्पीकर, अॅम्प्लिफायर गिऱ्हाईक कुठूनही आणतं. न्यू मार्केटातून, एम. पी. नगरातून, हल्ली बहुतेकदा ऑनलाइन. मी जागा पाहतो, सल्ला देतो, भिंतीला भोकं पाडतो, तारा ओढतो आणि शेवटी बसून ऐकतो. यातलं शेवटचं काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि त्याचेच पैसे द्यायला कोणी राजी नसतं. "आता झालं ना फिटिंग, मग बसलात कशाला?" असं एका मराठी काकांनी मला तोंडावर विचारलं होतं.

चुनाभट्टीकडून कलियासोतचा पूल ओलांडला की सर्वधर्म, बीमाकुंज, मंदाकिनी, ललिता नगर, नयापुरा अशी ही वस्ती लांबच लांब पसरत जाते. रस्त्याला नाव मिळालं ते भोपाळला पाणी देणाऱ्या कोलार धरणावरून. माझ्या लहानपणी इकडे यायचं म्हणजे गावाबाहेर जायचं होतं. आता रस्ता सहापदरी झालाय आणि दोन्ही बाजूंना डुप्लेक्स नि फ्लॅट. भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी १९५६ साली आली, तिच्या मागोमाग विदर्भातून, खानदेशातून मराठी माणसं आली. त्यांच्यातले बरेच निवृत्त झाल्यावर पिपलानी-बरखेड्यातली कंपनीची क्वार्टरं सोडून इकडे घरं बांधून राहिले. आमचं घर त्यांतलंच. त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांत अर्धी भाषा "भाई साहब" आणि अर्धी "अरे बाळा" अशी असते.

क्वार्टरमधल्या टीव्हीला आवाजाची तक्रार नव्हती, हे मला अजून आठवतं. खोली लहान. लाकडी शटरचा जाडजूड टीव्ही, आणि पडद्याच्या शेजारी, जाळीमागे, समोर तोंड करून बसलेला एकच स्पीकर. महाभारताच्या वेळी खोलीत शेजारपाजार मिळून वीसेक माणसं दाटीनं बसलेली, म्हणजे आवाज परतवणाऱ्या भिंतींपेक्षा तो शोषणारे कपडेच जास्त. प्रत्येक शब्द कळायचा. तो स्पीकर काही थोर नव्हता. फक्त त्याचं तोंड आमच्याकडे होतं.

आजचा टीव्ही दोन बोटं जाड. त्यात स्पीकर मावतो तो एवढासा, आणि तोही खाली किंवा मागे तोंड करून. आवाज आधी भिंतीवर किंवा टीव्हीखालच्या फळीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. चित्र पंचावन्न इंची, शब्द मात्र उष्टे. घरातले तरुण कान ही कसर भरून काढतात. मेंदू अर्धवट ऐकलेलं वाक्य पुरं करून घेतो. वयस्क माणसाला ते जमत नाही, कारण वयाबरोबर कान आधी वरचे, बारीक आवाज सोडतो. आणि शब्दांची ओळख पटते ती नेमकी तिथेच. अ, आ, ओ या स्वरांचं बळ हजार हर्ट्‌झच्या खाली असतं. स, श, फ, थ यांची सुस्कार दोन-तीन हजारांच्या वर, थेट आठ हजारांपर्यंत जाते. आजी रिमोटवरचा आवाज वाढवतात तेव्हा स्वर वाढतात, घर दणाणतं, सून दार लावून घेते, आणि 'साप' की 'बाप' हे आजींना तरीही कळत नाही. दानिश कुंजातल्या एका आजींनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. "अरे, तो किती मोठ्यानं बोलतोय ते मला कळतंय रे. काय बोलतोय ते सांग."

त्यांच्याच घरचं काम जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मा कोलार रोड त्या हॉलमध्ये आहे.

बारा बाय सोळाचा हॉल, दहा फूट उंची. खाली चकाकत्या विट्रिफाइड टाइल्स. टीव्हीच्या भिंतीवर सुताराकडून हौसेनं करून घेतलेलं युनिट, त्यात टीव्हीखाली एक कोनाडा आणि त्या कोनाड्यात नवाकोरा बार, पार मागे सारून ठेवलेला, कारण पुढे बाप्पा आणि दोन ट्रॉफ्या. डावीकडे सलग भिंत. उजवीकडे भिंतच नाही, डायनिंग. आजींची खुर्ची डायनिंगच्या कडेला. मी आधी टाळी वाजवली. टाळी वाजून संपली आणि मग वर, पीओपीच्या छताखाली, बारीक झणझण करत राहिली. मुलगा म्हणाला, "नया घर है ना, गूँजता है." मी बाप्पांना आणि ट्रॉफ्यांना आजींच्या परवानगीनं वरच्या फळीवर बसवलं आणि बार पुढे ओढला, कोनाड्याच्या ओठाबाहेर अर्धा इंच निघेल इतका. एवढंच. मराठी बातम्या चालू होत्या. आजी मटार सोलत होत्या. सोलता सोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "हिला सर्दी झाली होती का मघाशी?"

कोनाड्यात बसवलेल्या बारचं असं होतं. आवाज आधी कोनाड्याच्या छताला, तळाला, बाजूंना लागतो. खालचे स्वर फुगतात आणि वरचे गुदमरतात. बार फळीच्या काठाशी हवा, टीव्हीच्या रिमोटचा डोळा झाकणार नाही असा, आणि त्याच्या पुढ्यात काहीही नको. युनिट बनवणाऱ्या सुतारांना हे कोणीतरी सांगायला हवं. मी सांगतो, ते मान डोलावतात आणि पुढच्या घरात पुन्हा कोनाडा करतात, कारण मालकाला बार दिसायला नको असतो.

पुढचं काम टाळीचं, म्हणजे खोलीत रेंगाळणाऱ्या आवाजाचं. त्याचा हिशेब जुना आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक नकोसं काम सोपवण्यात आलं. फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून तयार होतं आणि तिथे वक्त्याचं बोलणं कळत नव्हतं. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद रेंगाळे, तोवर पुढचे शब्द येऊन त्याच्यावर चढत. सॅबिन रात्री, सगळं शांत झाल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरच्या आसनांवरच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, बंद करायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. थोड्या गाद्या, जास्त गाद्या, त्याहून जास्त. सकाळच्या आत सगळ्या परत नेऊन ठेवायच्या. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा, आणि खोलीतल्या वस्तू जेवढा आवाज शोषतात त्यानं भागा. शोषण मोजायचं त्याचं माप मला फार आवडतं. उघडी खिडकी. जो आवाज खिडकीबाहेर गेला तो परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल याच हिशेबानं बांधला गेला.

आता आजींचा हॉल घ्या. घनफळ चोपन्न घनमीटर. सामान नसलेला, चारी बाजूंनी बंद, नुसता प्लास्टर आणि टाइल्सचा असता तर सगळ्या भिंती, छत, फरशी मिळून शोषण जेमतेम तीन चौरस मीटर खिडकीएवढं. म्हणजे आवाज विरायला जवळपास तीन सेकंद. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. बारा-पंधरा अक्षरं एकमेकांच्या अंगावर. सोफा, जाड पडदे, गालिचा, दिवाणावरची गादी मिळून शोषण चौदापर्यंत गेलं की हेच तीन सेकंद सव्वासहा दशांश सेकंदाच्या आसपास येतात, आणि बोलणं सुटं होतं. आजींच्या घरी सोफा होता, पण पडद्यांऐवजी पातळ ब्लाइंड्स आणि फरशी उघडी. मी सुनेला म्हटलं, बारसाठी अजून पैसे घालू नका, टीव्ही आणि सोफा यांच्यामधल्या फरशीवर सतरंजी घाला आणि खिडकीला जाड, चुणीदार पडदा लावा. तिला वाटलं मी टाळतोय. आजींनी मात्र आतल्या खोलीतून जुनी सतरंजी आणवली. माझ्या धंद्यातलं सगळ्यांत स्वस्त यंत्र तेच.

यानंतर येतो कूलर. भोपाळचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे एसी आला तरी कूलर गेलेला नाही. कूलरचा आवाज एका सुराचा नसतो, तो सगळ्या पट्टीवर सांडलेला घर्र आवाज असतो आणि स, श, फ त्यात बिनबोभाट बुडतात. मोठ्या रस्त्याकडेच्या फ्लॅटांत ट्रॅफिकची त्यात भर. शोरूममध्ये बार ऐकता तेव्हा काचेआड, एसीत, समोर उभं राहून ऐकता. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेल्या बारचे फोन मला एप्रिल-मेमध्ये येतात ते याचमुळे. "भाई साहब, बार खराब हो गया, डायलॉग दब रहे हैं." बार तोच असतो. ऋतू बदललेला असतो.

एवढं झाल्यावर कोणता बार या प्रश्नाला अर्थ येतो. चित्रपटाच्या ५.१ आवाजात, म्हणजे पाच वाहिन्या आणि एक सबवूफर, संवाद बहुतांशी एकाच वाहिनीवर असतात, मधल्या. संगीत आणि आजूबाजूचा गलका बाकीच्यांवर. टीव्हीला किंवा साध्या बारला दोनच वाहिन्या असल्या की मधली वाहिनी डाव्या-उजव्यात मिसळली जाते आणि संवादाला संगीताशी एकाच दारातून घुसावं लागतं. बाजारात २.१ म्हणून मिळणाऱ्या बारमध्ये मधला स्पीकर नसतो. ३.१ मध्ये असतो. माझं मत विचाराल तर वयस्क माणसं असलेल्या घरात ३.१ हा पहिला पर्याय आणि मागचे-वरचे स्पीकर हा नंतरचा विचार. दुकानदार उलट सांगतो, कारण ३.१ म्हटलं की गिऱ्हाइकाला ५.१ पेक्षा दोन कमी दिसतात.

मधल्या स्पीकरची गंमत वाईट खुर्चीतूनच कळते. दोन स्पीकर समोर साठ अंशांत मांडले आणि त्यांच्या बरोबर मध्ये बसलं की गाणारा माणूस त्या दोघांच्या मध्ये उभा असल्यासारखा ऐकू येतो. तिथे कोणीच नसतं; दोन्ही कानांना एकाच वेळी सारखा आवाज पोचल्यानं मेंदू त्याला तिथे उभा करतो. ही जागा एकाच माणसाला मिळते. एक मीटर बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज काही सहस्रांश सेकंद आधी येतो आणि गाणारा चालत जाऊन त्या स्पीकरमध्ये बसतो. मालक सोफ्याच्या मधोमध बसून खूश, आणि आई डायनिंगच्या कडेला बसून उजव्या डब्यातून संवाद ऐकतात. खराखुरा मधला स्पीकर असला की संवाद कुठूनही ऐका, टीव्हीतूनच येतो.

वॉटचा प्रश्न राहिला. बॉक्सवर ५०० वॉट लिहिलेलं असतं. कॅसेट प्लेयरच्या जमान्यात पीएमपीओ नावाखाली हजारांत आकडे छापत, तो खेळ आता निराळ्या कपड्यात चालू आहे. मी बार उलटा करतो आणि अॅडॅप्टरवरचा मजकूर वाचतो. १९ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार सत्तावन्न. भिंतीतून सत्तावन्न वॉट घेणारं यंत्र सतत दोनशे वॉट बाहेर टाकू शकत नाही. अधूनमधून क्षणभर उसळी मारेल, बस. शिवाय वॉट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. म्हणजे दुप्पट मोठं ऐकायचं तर दहापट वॉट. शंभराचे दोनशे झाले म्हणून फार हरखून जाऊ नये.

डॉल्बी अॅटमॉसचं, म्हणजे डोक्यावरूनही येणाऱ्या आवाजाचं, वेड मात्र मला समजतं. २०१२ मध्ये 'ब्रेव्ह' या चित्रपटापासून थिएटरांत ते सुरू झालं आणि छतावरून पडणारा पाऊस एकदा ऐकला की घरी हवासा वाटतोच. बारमधले वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर फेकतात आणि तो तिथून परतून आपल्या डोक्यावर उतरतो. त्यासाठी छत सपाट, टणक आणि साडेसात ते बारा फुटांच्या मध्ये हवं, हे खुद्द डॉल्बी सांगते. आणि कोलार रोडवरच्या डुप्लेक्सची शान काय, तर हॉलवर दुमजली मोकळी उंची आणि मधोमध झुंबर. तिथे आवाज वर जातो आणि येतच नाही. फ्लॅटमध्ये उंची बरोबर, पण पीओपीच्या पायऱ्या आणि लाइटच्या खाचा. बाजूच्या भिंतींवरून आवाज परतवणाऱ्या बारचंही तेच, त्यांना दोन्ही बाजूंना भिंत लागते आणि ड्रॉइंग-डायनिंगमध्ये एकच असते. अशा घरात मी स्पष्ट सांगतो, या सुविधेचे पैसे तुम्ही छताला देताय.

मागचे स्पीकर खरे हवेत, म्हणजे वेगळे. जागा कानांच्या बाजूला आणि थोडी मागे, मधल्या रेषेपासून साधारण एकशेदहा अंशांवर. पण आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटलेला, मागे जागा कुठली? मग बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या डोक्याहून फूटभर वर. सोफा भिंतीपासून वीतभर जरी पुढे आला तरी खालचा आवाज आवरतो, पण गृहिणीला ती वीत झाडूसाठी गैरसोयीची वाटते आणि त्यावर मी वाद घालत नाही. 'वायरलेस' शब्दाला भुलू नये. सिग्नलची तार गेली तरी विजेची राहतेच, आणि सोफ्यामागे प्लग नसतो. घर बांधतानाच टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत रिकामा पाइप घालून ठेवा. एचडीएमआयचं तोंड रुंद असतं, त्यामुळे टीव्हीमागचा पाइप चांगला मोठा आणि कोपऱ्यात काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड. इलेक्ट्रिशियन म्हणेल, "ज़रूरत नहीं पड़ेगी." पडते.

सबवूफरची, म्हणजे खालच्या आवाजाच्या डब्याची, जागा शोधायची रीत जुनी आहे आणि घरच्यांची करमणूक करणारी. तो जड डबा उचलून बसायच्या जागी, सोफ्यावरच ठेवायचा, ठेका असलेलं एखादं गाणं लावायचं आणि आपण हॉलभर भिंतीच्या कडेकडेनं रांगायचं. जिथे ठेका घट्ट, सुटा ऐकू येतो तिथे डबा ठेवायचा. खोलीच्या लांबी-रुंदीला ज्या लहरी नेमक्या बसतात त्या फुगतात. बारा फुटांना सत्तेचाळीस हर्ट्‌झ, सोळा फुटांना पस्तीस. हॉल बारा बाय बारा असेल तर दोन्हीकडून सत्तेचाळीसच येतो आणि ढोलाचा प्रत्येक ठोका एकच वाटतो, घुम्म. कोपऱ्यात ठेवला की अजून फुगतो, आणि खालच्या मजल्यावरचे शर्माजी वर येतात. फ्लॅटमध्ये सबखाली जाड रबराचा तुकडा द्या आणि रात्री दहानंतर रिमोटवरचं नाइट मोडचं बटण दाबा. ते मोठे आवाज दाबतं, बारीक वर उचलतं. संवाद ऐकायला दिवसासुद्धा उपयोगी पडतं.

जोडणीत लोक सगळ्यांत जास्त फसतात आणि तिथे पैसे लागत नाहीत. टीव्हीवर ज्या एचडीएमआय भोकाशी एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलंय, तार त्यातच. मग सेटिंगमध्ये सीईसी चालू. सॅमसंगमध्ये ते अॅनिनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. म्हणजे एकाच रिमोटवर दोन्ही चालतात आणि आजींना दुसरा रिमोट शिकवावा लागत नाही. त्यानंतर डिजिटल आवाजाचा पर्याय पीसीएमवरून ऑटो किंवा पास-थ्रूवर. साध्या एआरसीवरून पीसीएम दोनच वाहिन्या नेतो. कित्येक घरांत मागचे स्पीकर वर्षानुवर्षं समोरच्याचीच नक्कल करत बसलेले असतात, कारण हा एक पर्याय कोणी बदललेला नाही. आणि ब्लूटूथनं टीव्ही जोडू नका. आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात. तरुणांना ते फक्त विचित्र वाटतं, पण कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात, त्यांचा आधारच जातो.

आता माझी बाजू. माझ्या स्वतःच्या घरी बार नाही. अॅम्प्लिफायर आहे, समोर दोन लाकडी स्पीकर आणि मध्ये तिसरा, टीव्हीखाली, आईच्या खुर्चीकडे किंचित वळवलेला. समोरच्या दोघांपैकी एकही नवा नाही. कोलकात्याच्या सोनोडाइनची जुनी जोडी, शंकूभोवतीचा फोम भुगा झाला म्हणून एका घरातून भंगारात निघालेली. जुन्या शहरात एक बडे मियाँ शंकू बदलून देतात. "को खाँ, फिर ले आए कबाड़?" म्हणत घेतात, आणि रबरी कडा लावून असं काम करतात की बोट लावायची भीती वाटावी. लाखाच्या बारपेक्षा अशी जोडी गाण्याला उजवी, असं माझं ठाम मत आहे. 'सैराट'चं वाद्यवृंदाचं काम हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं, ते व्हायोलिनांचे थर बारच्या बोटभर स्पीकरांतून एकमेकांत कालवले जातात. पण हे सगळं जागा खातं, तारा दिसतात, तीन बटणं दाबावी लागतात. ज्या घरात गाणं ऐकायला मुद्दाम कोणी बसत नाही तिथे मी बारच सुचवतो. तारा जोडताना लाल-काळ्याची अदलाबदल झालेली नाही ना, तेवढं पाहा. एका स्पीकरची तार उलटी लागली की खालचा आवाज नाहीसा होतो आणि माणूस स्पीकरला दोष देत बसतो.

वाईट खुर्चीचा हा नाद मला नाटकातून लागला असावा. भोपाळचं भारत भवन हे कलाकेंद्र १९८२ मध्ये उघडलं, ब. व. कारंतांनी तिथलं रंगमंडल उभं केलं. पुढे कॉलेजात असताना तिथल्या 'अंतरंग' नाट्यगृहात नाटकं पाहायला जायचो तेव्हा पैशांअभावी मागेच बसायचो. तरीही माइकशिवाय बोललेलं वाक्य शेवटपर्यंत पोचायचं. नट मोठ्यानं ओरडत नव्हते, व्यंजनं गिळत नव्हते, आणि इमारत त्यांच्या आड येत नव्हती. मराठी रंगभूमीवर जुन्या काळी हाच दंडक होता, पिटातल्या शेवटच्या माणसाला कळलं पाहिजे. घरातल्या हॉलला पीट नसतो, पण शेवटची खुर्ची असते.

तर बार घ्यायचाच असेल तर माझं एवढं ऐका. हॉलची लांबी, रुंदी, उंची आणि कोनाड्याची खोली टेपनं मोजून कागदावर घ्या. परत करण्याची मुदत किती दिवसांची ते दुकानात आधी विचारा. बार घरी आला की पहिल्या संध्याकाळी सिनेमा लावू नका, मराठी बातम्या लावा. आईला किंवा वडिलांना त्यांच्या रोजच्या खुर्चीत बसवा, आवाज रोजच्याइतकाच ठेवा आणि त्यांना ऐकलेली वाक्यं परत म्हणायला सांगा. दिवाळीची थंडी असली तरी कूलर एकदा पाणी न भरता, पंप बंद ठेवून, फुल स्पीडवर चालवा आणि पुन्हा विचारा. दोन्ही वेळा वाक्यं बरोबर आली तर बॉक्स फेकून द्या. नाही आली तर बॉक्स जपून ठेवा, मुदत संपायच्या आत लागेल.